ओळखी कुठून होतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी त्यांतला प्रश्न एकच आहे: आवडीच्या विषयातून माणसे भेटतात हे खरे, पण त्या भेटीची मैत्री किंवा कामाची ओळख नेमकी कशी होते? पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मूळचा लातूरचा, वय २९. नोकरीसाठी वाकडला राहतो. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असते. कार्यालयातले सहकारी चांगले आहेत, पण ओळख कामापुरतीच आहे. इंटरनेटवर जाहीर होणाऱ्या रविवारच्या ट्रेकना अनेकदा गेलो. त्या दिवशी पुष्कळ गप्पा होतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो आणि पंधरा दिवसांत तो थंड पडतो. माझ्या स्वभावातच काही कमी आहे का? (एक वाचक, वाकड, पुणे)

तुमच्या पत्रावरून तरी तुमच्या स्वभावात काही उणे दिसत नाही. जो माणूस पुन्हा पुन्हा अनोळखी लोकांबरोबर गडावर जातो आणि दिवसभर गप्पा मारतो, त्याला माणसे जोडता येत नाहीत असे कसे म्हणावे? अडचण आहे ती भेटींच्या रचनेत. एका रविवारी चाळीस अनोळखी माणसे भेटतात आणि पुढच्या रविवारी दुसरीच चाळीस. अशा रीतीने वर्षभर हिंडलात तरी कोणाही एका माणसाबरोबर तुमचे दहा तासही धड जाणार नाहीत.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांच्या आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या ओळखी कशा वाढत जातात हे तपासले होते. नुसत्या ओळखीच्या माणसाला वरवरचा मित्र म्हणता येण्यासाठी साधारण ५० तास, मित्र म्हणण्यासाठी सुमारे ९० तास आणि जवळचा मित्र होण्यासाठी २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे कोणी घड्याळ लावून पाळावेत असे मला वाटत नाही. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्राला थेट लागू पडते: केवळ कामासाठी एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या हिशेबात फारसे जमा होत नाहीत. सहकारी चांगले असूनही ओळख कामापुरतीच का राहिली, याचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून तुम्ही असे काही निवडावे, जिथे तीच माणसे, त्याच जागी, ठरलेल्या वारी भेटतात आणि जिथे गप्पांखेरीज हाताला दुसरे काहीतरी काम असते. पुण्यात राहणाऱ्याला याचे सर्वांत सहज सापडणारे उदाहरण म्हणजे ढोल-ताशा पथक. गणेशोत्सवाच्या साधारण दोन महिने आधी वाद्यपूजन होते आणि नदीपात्रात किंवा एखाद्या मोकळ्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव सुरू होतो. नवख्या वादकाला आल्या आल्या मिरवणुकीत कोणी उभे करत नाही. टिपरू कसे धरायचे, कमरेला ढोल कसा बांधायचा, पावसाने सैल पडलेला ढोल दोर ओढून पुन्हा कसा ताणायचा, हे सगळे शेजारी उभा असलेला जुना वादक दाखवतो. पहिले आठ-दहा दिवस दंड भरून येतात, बोटांना फोड येतात, आणि त्या फोडांवर काय लावावे हे सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी तुमची चौकशी करतो. आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास धरले, तरी आठ आठवड्यांत ६४ तास त्याच माणसांबरोबर जातात. तेही गप्पा सुचण्याची वाट न पाहता, कारण ताल चुकला की बोलावेच लागते.

ढोलाचा आवाज सर्वांना मानवतो असे नाही. पथकात गेलात तर कानात बोळे घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, यात मुळीच हयगय करू नये. पथक नको असेल तर वाकडपासून जवळच बाणेरची टेकडी आहे. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली रोपे उन्हाळ्यात जगवण्यासाठी नागरिकांचे गट सकाळी पाण्याचे कॅन वाहून नेतात. पावसाळ्यात लावायला गर्दी असते आणि एप्रिलमध्ये पाणी घालायला मोजकी माणसे उरतात. तुम्ही एप्रिलमध्ये जावे, कारण ती मोजकी माणसे नव्या माणसाला विसरत नाहीत.

ट्रेकची आवड सोडण्याचे तर काहीच कारण नाही. दर वेळी नवा गड दाखवणाऱ्या आयोजकांऐवजी, एकाच गडावर वर्षानुवर्षे संवर्धनाचे काम करणारी संस्था शोधा. टाक्यांतला गाळ काढणे, वाटेवरची झुडपे तोडणे, प्लास्टिक खाली आणणे अशी कामे तिथे चालतात. गड संरक्षित असेल तर हे काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने चालले आहे का, एवढे विचारून घ्या. घमेल्यांच्या रांगेत तुमच्या दोन्ही बाजूंना जे उभे राहतील, त्यांची नावे परतीच्या वाटेवर विचारावी लागत नाहीत.

आता ग्रुप थंड का पडतो ते पाहू. चाळीस जणांच्या ग्रुपवर ‘पुन्हा भेटू या’ असे लिहिले की सगळे अंगठा दाखवतात आणि कोणीच येत नाही, कारण ते आमंत्रण कोणा एकाला नसते. त्याऐवजी एकाच माणसाला, दिवस आणि वेळ घालून लिहा: ‘शनिवारी सकाळी साडेसहाला मी पाषाण बाजूने टेकडी चढणार आहे. तुम्ही त्या दिवशी घाणेरीबद्दल सांगत होतात, ती दाखवायला याल का?’ समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येते, आणि तुम्ही त्याचे बोलणे लक्षात ठेवले हेही त्याला कळते. एकदा नकार आला तर दुसऱ्यांदा जरूर विचारा. दुसऱ्यांदाही आला तर मात्र तिसऱ्यांदा आग्रह करू नये.

प्रश्न : मी इतिहास विषयात एम.ए. केले आहे. मुलांच्या संगोपनासाठी अकरा वर्षे नोकरी केली नाही. गेल्या वर्षभरात ऑनलाइन वर्गातून मोडी लिपी शिकले आणि आता पेशवेकालीन पत्रे बऱ्यापैकी वाचता येतात. यातून काम मिळावे अशी इच्छा आहे, पण माझी या क्षेत्रात कोणाशीच ओळख नाही आणि स्वतःहून कोणाला काम मागणे जमत नाही. (एक वाचक, सातारा)

तुमचे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण मोडी वाचणाऱ्यांची गरज किती आहे हे अलीकडेच सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे सोडली जाऊ लागली, तेव्हा त्यांतली पाने वाचणारी माणसे शोधता शोधता अधिकाऱ्यांची दमछाक झाली. त्या वेळी ज्यांना बोलावणे आले, ते बहुतेक आधीपासून कोणा ना कोणाच्या माहितीत होते. तुम्हालाही तेवढेच करायचे आहे. लगेच काम मागायला जाऊ नका, आधी या विषयातल्या माणसांच्या माहितीत या.

अशा वेळी जवळच्या माणसांपेक्षा लांबची ओळख अधिक उपयोगी पडते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या एका प्रसिद्ध लेखात दाखवले. बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून तुम्हाला नोकरीची माहिती मिळाली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? जवळजवळ १७ टक्क्यांनी ‘वारंवार’ असे सांगितले, सुमारे ५६ टक्क्यांनी ‘अधूनमधून’ आणि सुमारे २८ टक्क्यांनी ‘क्वचित’. नमुना लहान होता, पण कारण पटण्याजोगे आहे. आपल्या घरच्यांना आणि मैत्रिणींना ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊकच असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून. साताऱ्यातल्या तुमच्या मैत्रिणींना पुण्यातल्या कोणा संशोधकाकडे तीन हजार कागदांचे लिप्यंतर, म्हणजे मोडीतून देवनागरीत उतरवण्याचे काम, पडून आहे हे कळण्याचा मार्गच नाही.

मोडी शिकणाऱ्यांचे अनेक गट फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आहेत. तिथे कसे वावरावे यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. बहुतेक जण कागदाचा तिरका, अंधुक फोटो टाकतात आणि ‘कृपया कोणीतरी वाचून द्यावे’ असे लिहितात. जाणकार अशा मजकुराकडे वळत नाहीत. तुम्ही फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ वरून काढा, कागदाचे चारही कोपरे त्यात येऊ द्या. खाली तुम्ही स्वतः वाचलेल्या ओळी लिहा आणि अडलेल्या एका शब्दाभोवती खूण करा. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, आणि लपेटीच्या, म्हणजे भरभर जोडून लिहिलेल्या, हातात अनेक अक्षरे एकसारखी दिसतात. त्यामुळे चुकण्यात कमीपणा नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असते. तुम्ही काय वाचले आणि कुठे अडला हे दिसले, की उत्तर देणाऱ्याला तुमची तयारीही दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतरांना उत्तरे द्या. नवशिके सर्वांत अधिक अडतात ते तारखांपाशी. पत्राच्या शेवटी ‘सु॥ तिसा खमसैन मया व अलफ’ असे येते तेव्हा ती शुहूर सनातली, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी संख्यानामांनी वर्ष लिहिण्याची, कालगणना असते: तिसा म्हणजे ९, खमसैन म्हणजे ५०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००, अर्थात ११५९. त्यात ५९९ मिळवले की १७५८ येते, आणि हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होत असल्याने पत्र मे-जून १७५८ ते मे-जून १७५९ या काळातले ठरते. ही संख्यांची नावे आणि रीत एका पानावर नीट मांडून, दोन खऱ्या पत्रांची उदाहरणे देऊन गटात ठेवा. असे पान लोक जपून ठेवतात, पुढे पाठवतात आणि त्यावरचे नाव हळूहळू ओळखीचे होते. तुम्ही इतिहासाच्या विद्यार्थिनी आहात, हे तुमच्याइतके चांगले करणारे फार थोडे असतील.

ऑनलाइन ओळखीला प्रत्यक्ष भेटीची जोड द्या. भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० मध्ये स्थापन झालेली पुण्यातली संस्था साताऱ्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग वेळोवेळी घेतले जातात. तुम्हाला मोडी येत असली तरी असा एक वर्ग करावा, कारण पुढे कार्यालयीन कामासाठी प्रमाणपत्र विचारले जाते आणि बरोबरीने शिकणारी माणसे आयुष्यभर उपयोगी पडतात. व्याख्यानाला गेलात तर संपल्यावर वक्त्याभोवतीच्या गर्दीत शिरण्याऐवजी दुसऱ्या दिवशी चार ओळींचे पत्र लिहा. त्यात व्याख्यानातला एक नेमका मुद्दा, त्यावरचा तुमचा एक प्रश्न आणि ‘मी मोडी लिप्यंतर करते, नमुन्याची दोन पाने सोबत जोडली आहेत’ हे एक वाक्य एवढे पुरे.

काम मागणे जमत नाही असे तुम्ही लिहिता. मग काम मागू नका, माहिती विचारा. ‘अशा कागदांच्या लिप्यंतराचे दर पानागणिक ठरतात की ओळीगणिक?’ असा प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात तुमची नोंद होते. पहिले काम आले की मोबदल्याबद्दल आधीच स्पष्ट बोला. विनामूल्य काम एखाद्या संस्थेसाठी, ठरावीक पानांपुरते जरूर करावे, पण जमिनीच्या दाव्यासाठी कागद घेऊन आलेल्या अशिलाकडून योग्य मोबदला घेतलाच पाहिजे. त्यात मनाला काही लावून घेण्यासारखे नाही. मात्र अशा अशिलाचा कागद त्याच्या परवानगीशिवाय कोणत्याही गटात टाकू नये, अगदी एक शब्द अडला तरीही. तेवढा शब्द कापून दाखवता येतो.

प्रश्न : मी २२ वर्षांची असून चित्रकला शिकते. रेखाचित्रे काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटातल्या ज्येष्ठ चित्रकाराने माझी चित्रे नावाजली आणि काम मिळवून देण्यासाठी घरी भेटायला बोलावले आहे. नोंदणीचे म्हणून काही पैसेही भरायला सांगितले आहेत. जावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

घरी जाऊ नये आणि पैसे भरू नयेत. काम देणारा माणूस कलाकाराला पैसे देतो, कलाकाराकडून घेत नाही, आणि ज्येष्ठपणा खरा असेल तर त्या माणसाला रंकाळ्याच्या काठावर, तुमच्या चार मैत्रिणींच्या देखत तुमची चित्रे पाहायला काहीच हरकत नसावी. असे सुचवून पाहा. यावर तो रागावला किंवा घाई करू लागला, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले असे समजा. पैसे आधीच भरले असतील, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि सगळे संदेश जपून ठेवा.

एवढ्यावरून गट सोडू नका, ही विनंती. गटातल्या इतरांना ठरावीक रविवारी भवानी मंडपात किंवा पंचगंगेच्या घाटावर एकत्र बसून चित्रे काढण्याचे सुचवा. कोल्हापूर हे बाबुराव पेंटरांचे गाव आहे, तिथे रस्त्यावर बसून चित्र काढणाऱ्या मुलीकडे लोक आपुलकीनेच पाहतील. आठ-दहा जण नियमित येऊ लागले की त्यांच्यातूनच कोणी तुमचे नाव प्रकाशकाला सांगेल, कोणी शाळेतल्या कामाची बातमी देईल.

प्रश्न : आम्ही दोघे दोन वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मराठी मंडळामुळे गणपती, दिवाळी छान होते, पण आमच्या सगळ्या ओळखी मराठीच आहेत. मी बॅडमिंटन चांगले खेळते आणि सध्या नोकरी शोधते आहे. मंडळात जाणे कमी करावे का? (एक वाचक, जर्मनी)

मंडळ मुळीच कमी करू नका. आजारपणात रात्री अकराला दार वाजवता येईल अशी माणसे तिथेच मिळतात, आणि तुमच्यापेक्षा दहा वर्षे आधी आलेल्या लोकांना तिथल्या नोकऱ्यांची जी माहिती असते ती कुठल्याही संकेतस्थळावर नसते. त्याला फक्त एक जोड द्या.

जर्मनीत छंद आणि खेळ हे मुख्यतः ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत मंडळांतून चालतात. कायद्याप्रमाणे नोंदणीला किमान सात सभासद लागतात, त्यामुळे लहान गावातही नेमबाजीपासून समूहगायनापर्यंत अशी मंडळे असतात. तुमच्या गावातल्या क्रीडा मंडळात बॅडमिंटनचा विभाग आहे का ते पाहा. एक-दोन वेळा सरावाला विनामूल्य येऊ देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते. पहिले काही महिने खेळाइतकेच बोलणे होईल, त्याने हिरमुसू नका. तिथे ओळख सावकाश वाढते, पण जो माणूस न चुकता येतो आणि येणार नसेल तेव्हा आधी कळवतो, त्याच्यावर भरवसा ठेवला जातो.

खरी ओळख मात्र कोर्टाबाहेर होते. उन्हाळ्यातला मेळावा असो की स्पर्धेचा दिवस, कोणी केक आणायचा, कोणी बाके लावायची, कोणी पैशांच्या पेटीपाशी बसायचे याची यादी फिरते. त्या यादीत आपले नाव स्वतःहून घाला. दोन तास एकाच टेबलामागे कॉफी ओतताना तुमचे जर्मनही सुधारेल आणि तुम्ही कोणत्या क्षेत्रात नोकरी शोधता हे शेजारच्याला आपोआप कळेल. करंज्या नेल्यात तर त्यांत काय घातले आहे याची चिठ्ठी शेजारी ठेवा. सुक्यामेव्याचे वावडे असणारे लोक तिथे पुष्कळ असतात, आणि त्या चिठ्ठीवरूनच बोलणे सुरू होईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६४. पक्ष्यांची आवड पूर्वीपासून आहे. चिपळुणात समान आवडीची माणसे कशी शोधावीत? मोबाईलवरचे काही फारसे जमत नाही. (एक वाचक, चिपळूण)

गुरुजी, तुम्ही ज्या गावात राहता तिथे वाशिष्ठीच्या काठावर आणि मागच्या डोंगरांत पक्षी इतके आहेत, की माणसे त्यांच्या निमित्ताने येतातच. सुरुवात वाचनालयापासून करा. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे. तिथल्या फलकावर ‘महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला पक्षिनिरीक्षण’ अशी हाताने लिहिलेली सूचना परवानगी घेऊन लावा, आणि त्या दिवशी कोणी आले नाही तरी तुम्ही जा. पुढच्या महिन्यातही त्याच दिवशी, त्याच वेळी जा. वार बदलला की लोक तुटतात.

मोबाईलचे काम तुमच्या एखाद्या माजी विद्यार्थ्यावर सोपवा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या उपक्रमात कोणीही पाहिलेल्या पक्ष्यांची यादी विनामूल्य नोंदवू शकतो. तुम्ही वहीत जात, संख्या, जागा आणि वेळ लिहायची, विद्यार्थ्याने ती चढवायची. एखादी नोंद नेहमीपेक्षा वेगळी असेल तर त्या भागाचे जाणकार परीक्षक ‘हा पक्षी कसा ओळखलात?’ असे लिहून विचारतात. या विचारण्यात अविश्वास नसतो. वर्णन नीट लिहून पाठवा, कित्येकांची जाणकारांशी पहिली ओळख अशीच झालेली आहे.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षिगणना होते आणि त्यात किमान १५ मिनिटे निरीक्षण करून दिसलेला प्रत्येक पक्षी मोजायचा असतो. तुमच्या जुन्या शाळेच्या आवारात ती घ्या. मुलांबरोबर त्यांचे पालक येतील, आणि त्या पालकांत धनेशाचे घरटे कुठल्या सातवीणीवर आहे हे ठाऊक असलेला एखादा तरी निघेलच. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा, पण घरट्याची जागा मात्र कोणत्याही गटात जाहीर करू नका, कारण विणीच्या काळात छायाचित्रकारांची गर्दी झाली तर पक्षी घरटे सोडण्याची भीती असते.